हललेला फोटो

सोमवार, सकाळ

बाबा,

आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. लग्न झाल्यापासून ज्या माणसाशी एक शब्द बोलले नाही, त्याला एकदम तीर्थरूप म्हटलं तर तुम्हाला वाटणार, पोरगी काहीतरी मागायला आली. तर आधीच सांगून टाकते, मागायलाच आलेय. मला एक फोटो काढून हवा आहे.

फोन करणार होते, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही ठेवून द्याल. कागदाचं तसं नाही. तो तुम्ही रागारागाने टेबलावर टाकाल आणि चहा होईपर्यंत परत उचलून वाचाल. आमच्या वॉर्डात झाडलोट करणाऱ्या मावशी तुमच्या स्टुडिओच्या मागच्याच गल्लीत राहतात. जाता जाता त्या हे पत्र दाराखालून आत सरकवतील. त्यांच्यावर खेकसू नका, भली बाई आहे.

मला मुलगी झाली. गेल्या आठवड्यात, वेळेच्या बरीच आधी. ऑपरेशन करून काढावी लागली. इथे एवढ्या लहान बाळांची सोय नाही, म्हणून जन्मल्या जन्मल्या तिला गाडीत घालून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात नेलं आणि काचेच्या पेटीत ठेवलं. म्हणायला काच, असतं प्लास्टिकच. मी तेव्हा गुंगीत होते. मी तिला पाहिलेलं नाही. ती रडली म्हणतात, तेही मी ऐकलेलं नाही.

मला जरा ताप आहे म्हणून सोडत नाहीत. जराच आहे.

तुमचा जावई, म्हणजे तुमच्या भाषेत बटणदाबू, रोज तिकडे जातो. तिथल्या सिस्टर त्याला फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालायला लावतात आणि क्षणभर आत सोडतात. तेवढ्यात तो फोटो काढतो आणि मला आणून दाखवतो. त्यात काय दिसतं सांगू? पेटीच्या झाकणावर आतून साचलेले पाण्याचे थेंब दिसतात, एकेक वेगळा, मोत्यासारखा. झाकणात पडलेलं बटणदाबूचं तोंड दिसतं, दाढी वाढलेलं. आणि त्याच्या मागे एक फिकट धब्बा. तो धब्बा म्हणजे माझी मुलगी. हा बिचारा पडद्यावर बोट ठेवून ठेवून फोनला सांगतो, अरे तिकडे बघ, तिकडे. फोन क्षणभर बघतो आणि परत झाकणाकडे वळतो. जे जवळ आणि चकचकीत, तेवढंच त्याला दिसतं.

तुम्हाला आठवतं, सोनाराच्या दुकानातल्या कपाटाचे फोटो काढायचे होते तेव्हा तुम्ही लेन्सच्या तोंडावरचं ते रबराचं नळकांडं सरळ काचेला चिकटवलं होतं? म्हणाला होतात, काचेला नाक लावलं की काच राहतच नाही. मग आतल्या बांगडीवर हाताने फोकस केला होता, गोल फिरवत, श्वास रोखून. मला तेवढंच हवं आहे. तुमचा तो जुना कॅमेरा घेऊन एकदा तिकडे जा. लेन्स पेटीला टेकवा. तुमच्या हाताने फोकस करा, त्या फोनच्या मर्जीने नको.

तिचा चेहरा एकदा नीट दिसू दे. मग तुम्हाला आयुष्यभर त्रास देणार नाही.

— तुमची

मंगळवार, दुपार

बाबा,

मावशींनी काल पत्र सरकवलं. त्या म्हणाल्या, दुकानाचं शटर अर्धं वर होतं आणि आत मागच्या खोलीत लाल दिवा होता. म्हणजे तुम्ही होतात आणि डार्करूममध्ये होतात. म्हणजे पत्र वाचलंत. गप्प बसायचं ठरवलं असेल तर तेही कळवा, निदान मी वाट बघायची थांबेन.

राग कशाचा आहे, ते मला पाठ आहे. हा पहिल्यांदा घरी आला तेव्हा नको ते बोलून बसला. कॅमेऱ्याच्या दुकानात नोकरी, तोंडात सेल्समनची भाषा. म्हणाला, "काका, आता उजेडही कॅमेरा मोजतो, फोकसही कॅमेरा करतो. माणसाने फक्त बटण दाबायचं." तुम्ही म्हणालात, "मग माणूस कशाला लागतो? माकड बसव." मी मध्ये पडले आणि त्याची बाजू घेतली. तुम्ही तो चहाचा कप अर्धा ठेवून उठलात, ते उठलातच. लग्नालाही आला नाहीत. माझ्या लग्नाचे ढीगभर फोटो आहेत, सगळे स्वच्छ, सगळे सारखे, आणि त्यातला एकही तुमचा नाही. हे मी तेव्हा कुणाला बोलून दाखवलं नाही.

आज ते भांडण उकरून काढायला वेळ नाही. नवीन गोष्ट झाली आहे, ती ऐका.

काल त्याने सकाळी एक फोटो काढला आणि संध्याकाळी एक. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितले. दोन्हींत उजेड एकच आहे, बाबा. सकाळी त्या खोलीत खिडकीतून ऊन येतं, हे त्यानेच मला सांगितलं होतं. संध्याकाळी नुसते दिवे. तरी चादर तेवढीच पांढरी, धब्बा तेवढाच गुलाबी. मी त्याला विचारलं, हा एकच फोटो तू मला दोनदा दाखवतोयस का? तो शपथा घ्यायला लागला.

मला तुमची काळी मांजर आणि पांढरा ससा आठवत नाही असं समजू नका. स्टुलावर उभं करून शिकवलं होतंत. उजेड मोजायचं मीटर बिचारं अडाणी, त्याला वाटतं सगळं जग करड्या रंगाचं आहे. काळी मांजर दाखवा, उजळून करडी करतं. पांढरा ससा दाखवा, काळवंडून करडा करतं. म्हणून आपला तळहात उजेडात धरून आधी तो मोजायचा आणि मग मांजरीला मांजरीएवढं काळं राहू द्यायचं. तर फोनने सकाळ-संध्याकाळ एकाच मापाची करून टाकली असेल, हे मला समजतं. डोक्याला समजतं. पण एवढं आजारी बाळ एका रंगाचं कसं राहील? कधी पिवळं पडेल, कधी लाल होईल, कधी निळं. माझी मुलगी रोज त्याच रंगाची. दुकानातल्या बाहुलीच्या रंगाची.

आता ते सांगते, जे काल लिहिलं नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती. तिचंही बाळ तिकडेच नेलं होतं. तिला सगळे सांगत होते, बाळ छान आहे, दूध पितंय, तुम्ही बऱ्या व्हा. ती बरी झाली, चालायला लागली, आणि मग एका दुपारी तिच्या सासूने दार लावून घेतलं आणि तिला खरं काय ते सांगितलं. बाळ केव्हाच गेलं होतं. आता त्या खाटेवर नुसती गादी आहे, मधोमध दुमडलेली. मला दिवसभर तीच दिसते.

इथले डॉक्टर माझ्याशी अगदी त्याच आवाजात बोलतात.

ताप जरा नाही. टाके आतून चिघळले आहेत. परत उघडून साफ करायला हवं म्हणतात. असं काही ऐकलंत की तुम्ही जेवत नाही, म्हणून काल लपवलं. आज लपवून काय करू?

जाल ना?

बुधवार

बाबा,

अक्षर लागलं नाही तर मावशींना विचारा. हाताला सुई होती ती मी काढून टाकली, तिथे सुजलंय.

काल रात्रभर विचार करून मला जे कळलं ते तुम्हालाच सांगता येईल. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, तापात बरळतेय.

त्याच्या फोनमधले सगळे फोटो मी मागून घेतले आणि मोठे करून बघितले. फोकस चुकलेला फोटो आणि हललेला फोटो यांतला फरक मला कळतो. फोकस चुकला की सगळं सारखं मऊ होतं, विरघळल्यासारखं. हललं की रेघ ओढली जाते, एका बाजूला शेपूट निघतं. मी त्यातच वाढले. मी एका जागी बसायची नाही, म्हणून माझे किती फोटो तुम्ही वाया घालवलेत. त्यांच्या पाठीमागे कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचात, 'हलला. टाकणे.' आई ते टोपलीतून उचलून कपाटात कपड्यांखाली लपवायची. माझ्या लहानपणीचे जेवढे फोटो शिल्लक आहेत ते सगळे तसले आहेत. पाय आहेत, फ्रॉक आहे आणि मानेच्या वर नुसता वारा.

आता त्या खोलीत, ऊन आलं तरी, पेटीपाशी उजेड कमी. फ्लॅश मारायला बंदी. एवढ्या उजेडात फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. जिवंत बाळ तेवढ्यात काही ना काही हलवणारच. बोट हलवेल, ओठ हलवेल, नुसता श्वास घेतला तरी पोट वरखाली होईल. शेपूट निघायलाच हवं.

एकाही फोटोत शेपूट नाही, बाबा. विरघळलेलं आहे, पण हललेलं नाही. हात जिथे ठेवलाय तिथे आहे, दगडासारखा.

मी हे त्याला म्हणाले. तो आधी समजलाच नाही, मग पांढरा पडला. मग सांगायला लागला, फोन आता तसा फोटो काढत नाही. उजेड कमी असला की तो एका दमात पुष्कळ फोटो काढतो, एकावर एक बसवतो आणि जे जे हललं असेल ते पुसून टाकतो. त्यातलं स्थिर तेवढं ठेवतो. माणसाला हललेला फोटो आवडत नाही, म्हणून तसं बनवलंय म्हणे.

किती सोयीचं आहे ना. फोटो अंधूक का, तर फोनने केला. उजेड एकच का, तर फोनने केला. पोर हलत का नाही, तर तेही फोनने पुसलं. सगळं फोनवर ढकललं की झालं. मी त्याला म्हटलं, तू फार थकलायस, घरी जा आणि परत येऊ नकोस. तो दारापाशी उभा राहून रडला. मला रडू आलं नाही.

मग डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, उद्यापर्यंत ऑपरेशन झालं पाहिजे, विष अंगात पसरायला लागलंय, सही करा. मी सही केली नाही. कशासाठी करू? त्या खाटेवरच्या बाईसारखी बरी व्हायला? चालायला लागले की कुणीतरी दार लावून घेईल आणि खरं सांगेल, त्यासाठी? मी स्पष्ट सांगितलंय, माझ्या सहीशिवाय मला हात लावायचा नाही. शुद्धीवर आहे तोवर तरी माझंच चालेल.

तुम्ही गिऱ्हाइकाच्या गालावरचा व्रण कधी पुसला नाहीत. बायका येऊन भांडायच्या, लग्नाचा फोटो आहे, एवढा डाग काढून द्या. तुम्ही म्हणायचात, डाग माझा नाही, मी कोण काढणार? किती गिऱ्हाइकं त्यापायी समोरच्या दुकानात गेली. आई डोक्याला हात लावून बसायची आणि मला तुमची लाज वाटायची. आज सगळ्या जगात मला तेवढा एकच माणूस हवा आहे.

म्हणून आता फोटो नाही मागत. जाऊन नुसतं बघून या. ती नसेल तर एका ओळीत लिहा, 'नाही'. मी तुमच्यावर विश्वास ठेवीन, दुसऱ्या कुणावर नाही. मला फसवून बरं करू नका एवढंच.

गुरुवार, सकाळ

बाबा,

मावशी आत्ता कामावर आल्या. स्टुडिओला कुलूप आहे म्हणाल्या. काल पत्र सरकवलं तेव्हा उघडं होतं, जरा वेळाने बघितलं तर कुलूप, आणि आज सकाळीही आहे. शेजारच्या शिंप्याला विचारलं, तर तो म्हणाला, पिशवी घेऊन कुठेतरी गेले, नीट बोललेही नाहीत.

तुम्ही कुठे जाणार? तुम्ही तर दूध आणायलासुद्धा कुलूप लावत नाही.

माझ्या पत्रांना कंटाळून गेलात का? तसं असेल तर बरोबर आहे. इतकी वर्षं विचारपूस नाही आणि आता रोज एक पत्र. मीही कुलूप लावलं असतं.

थंडी वाजतेय. दोन पांघरुणं घातलीत तरी वाजतेय. हे पत्र मावशी कुलूप लावलेल्या दुकानात सरकवणार आहेत, हे माहीत असून लिहितेय. दुसरं करण्यासारखं काही नाही.

बाबा, मला तिचा हात कसा आहे तेवढं तरी कळायला हवं होतं. तुमच्यासारखा लांब बोटांचा आहे का आईसारखा.

गुरुवार, संध्याकाळ

बाबा,

तो परत आला. मी येऊ नकोस म्हटलं होतं तरी आला. म्हणाला, काका आले होते.

मी म्हटलं, खोटं. आता माझ्या बापाच्या नावाने खोटं बोलायला लागलास. तो म्हणाला, विचार मला काहीही. मी विचारलं, तुला काय म्हणाले? त्याने जरा आठवलं आणि म्हणाला, "तीनच वाक्यं बोलले. 'कोट काढ. डोक्यावरून असा धर. हललास तर बघ.'"

तेव्हा मी उठून बसले. हे त्याला बनवून सांगता आलं नसतं.

मग त्याने सगळं सांगितलं. मी ते तुम्हालाच लिहितेय, कारण खरं असेल तर तुम्हाला कळेल आणि खोटं असेल तरी तुम्हालाच कळेल. तो म्हणाला, कालच संध्याकाळी तुम्ही तिकडे पोचलात. नवजात विभागाच्या सिस्टरनी आत सोडलं नाही. नियम नाही, कॅमेरा तर नाहीच नाही. तुम्ही वाद घातला नाहीत, बाहेरच्या बाकावर बसून राहिलात, पिशवी मांडीवर घेऊन. सकाळी त्या परत कामावर आल्या तर तुम्ही तिथेच. मग तुम्ही खिशातून माझं कालचं पत्र काढून त्यांना दिलंत. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं. तुम्हाला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, झगा घातला, कॅमेरा स्वतः स्पिरिटने पुसला आणि आत नेलं.

मग तुम्ही म्हणे कितीतरी वेळ फोटोच काढला नाहीत. आधी तळहात पेटीच्या वर धरून बघितलात, मग बाजूला, मग खिडकीकडे. हा सवयीप्रमाणे म्हणाला, "काका, लाइटमीटर आहे ना?" तुम्ही त्याला तळहात दाखवलात. मग याच्या कोटाने दिव्याची चमक अडवली, रबर प्लास्टिकला लावलं आणि डोळा लावून बसलात. तो म्हणतो, मला वाटलं काकांना झोप लागली. मग एकदा कळ दाबली. परत वाट. परत एकदा. सगळे मिळून थोडेच काढले आणि उठलात.

मी विचारलं, ती होती का? तो म्हणाला, "अगं, होती म्हणजे काय, आहे."

मी विचारलं, बाबा तिला बघून काय म्हणाले? काहीच नाही म्हणाला. डोळे पुसले का? तेही त्याला दिसलं नाही, डोक्यावर कोट होता.

मी विश्वास ठेवायचा ठरवते आणि मग समोर ती दुमडलेली गादी दिसते. यानेही कुठून तरी ऐकलं असेल, तुम्ही कसं बोलता ते. माझ्याकडूनच ऐकलं असेल. मीच तुमच्या नकला करून दाखवायची. बघा, किती वाईट झालेय मी. नवरा समोर रडतोय आणि मी त्याची उलटतपासणी घेतेय.

डॉक्टरीणबाई परत येऊन गेल्या. आता त्या गोड बोलत नाहीत. म्हणाल्या, उद्या सकाळनंतर सही केलीत तरी उपयोग होईल असं मी सांगू शकत नाही. मी म्हटलं, फोटो येऊ दे. त्या म्हणाल्या, फोटो लगेच का येत नाही? त्यांना कसं सांगू, आमच्याकडे फोटो आधी अंधारात पाण्यात पडतो, मग दोरीवर वाळतो, मग येतो.

घाई करा, बाबा. तुमची घाई म्हणजे काय ते मला माहीत आहे, तरी करा.

शुक्रवार, सकाळ

बाबा,

आला. मावशी धावत आल्या, चपला हातात घेऊन. तुम्ही त्यांच्या दारात उभे होतात आणि त्यांना चहाही पिऊ दिला नाहीत, असं म्हणत होत्या. पाकीट उघडायच्या आधी मी वास घेतला. हायपोचा, फोटो पक्का करायच्या औषधाचा वास. नीट धुवायलाही थांबला नाहीत, म्हणजे खरंच घाई केलीत.

पेटी नाहीच. प्लास्टिक नाही, थेंब नाहीत, कुणाचं तोंड नाही. तुम्ही काचेला नाक लावलंत आणि काच राहिली नाही.

चेहरा पुरता दिसत नाही, टोपी भुवयांपर्यंत आलीय आणि नाकात नळी आहे. पण नळीवरच्या चिकटपट्टीची वीण दिसते, धागा न् धागा. कानाची पाळी दिसते, आईसारखी चिकटलेली. पायाला बांधलेल्या पट्टीवर माझं नाव आहे, ते मी वाचलं. ऊन खिडकीकडून येतंय, म्हणजे सकाळ आहे. तिची सावली पडलीय. सावली जितकी काळी असायला हवी तितकी तुम्ही काळी ठेवलीत.

आणि उजवी मूठ नाही. टोपी जागेवर, नळी जागेवर, चादरीची सुरकुतीन् सुरकुती जागेवर आणि मुठीच्या ठिकाणी नुसता पुसटलेला पांढरा फराटा, खालून वर. छातीवरची झबल्याची गाठ पण दुहेरी आलीय, एक खाली आणि एक किंचित वर. तुम्ही कॅमेऱ्याचा डोळा मुद्दाम बराच वेळ उघडा ठेवलात. सगळं तिच्यासाठी थांबवलंत आणि तिला हलू दिलंत.

बटणदाबूने फोटो हातात घेतला आणि त्याचं तोंड उतरलं. हळूच म्हणाला, "अरेरे, नेमका हात हलला गं. काकांचा हात थरथरला असेल, वय झालं." मला इतकं हसू आलं की टाके ताणून डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं मी रडतेय. मग रडलेच. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले. तो अजून विचारतोय, चांगला आलाय का वाईट? त्याला तुम्हीच समजावून सांगा कधीतरी, चहा पूर्ण पिऊन.

बोटं लांब आहेत का नाहीत ते या फोटोतही कळत नाही. ते आता मलाच बघावं लागेल.

सही केली. हात इतका सुजलाय की सही माझी वाटत नाही, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालेल. उशीर झालाय का विचारलं, त्यावर त्यांनी ढकलगाडी मागवली. ती दारात आलीय. मला भीती वाटतेय, बाबा. कालपर्यंत अजिबात वाटत नव्हती. 

मी येईपर्यंत तिकडे जात जा. सिस्टर आता अडवणार नाहीत. यालाही बरोबर न्या, कोट धरायला.

— तुमची

ता. क. फोटो सांभाळायला मावशींकडे देताना उलटा झाला. मागची बाजू मी बघितलीच नव्हती. कोपऱ्यात तुमची तीच बोथट पेन्सिल आणि तेच बारीक अक्षर.

'हलली. ठेवणे.'

वाचलं, बाबा. आता नेऊ देत मला.